ऑक्टोबरचं तिकीट

डॉक्टरीणबाई तरुण होती. सावेरिओला बसा म्हणायचंही तिला सुचलं नाही. कॉरिडॉरच्या खिडकीपाशी उभ्या उभ्याच तिने सांगितलं की ऑपरेशन आता होणार नाही. दुखणं यकृतात पसरलं आहे, पोट उघडून हाती काही लागायचं नाही, उलट हाल वाढतील.

"उन्हाळा तरी निघेल?" सावेरिओने विचारलं.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. खाली अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर केळं खात होता. "घरी न्या त्यांना," ती अखेर म्हणाली. "घरी बरं वाटतं माणसाला."

घर म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालाब्रियाच्या डोंगरातलं एक गाव. तिकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो उत्तरेची गाडी धरतो, ही रीतच पडून गेली आहे. सावेरिओही आपल्या थोरल्या बहिणीला, असुंताला, घेऊन पादोव्याला तिसऱ्यांदा आला होता. तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून असुंतानेच त्याला वाढवलं. अर्ध्या गावाचे लग्नाचे झगे तिने शिवले, स्वतःचा मात्र शिवायचा राहिला. सावेरिओ जैतुनाच्या तेलाच्या घाण्यावर कामाला लागला आणि तोही तसाच राहिला. तिचं लग्न त्याच्यामुळे राहिलं आणि त्याचं तिच्यामुळे, असं गावात म्हणत. दोघांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

असुंता बाहेरच्या हॉलमध्ये कोटाची बटणं लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसली होती.

"काय म्हणाली पोरगी?"

"ऑक्टोबरमध्ये या म्हणाली." हे शब्द कुठून आले ते सावेरिओला कळलं नाही. "तोवर गोळ्या घ्यायच्या. मग बघू म्हणाली."

"ऑक्टोबर? जैतून उतरवायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग ठीक आहे. घाण्यावर तू नसलास तर तेलात पानं जातात." ती उठली, एक हात पोटावर दाबून जरा थांबली. "गाडी किती वाजताची आहे?"

"संध्याकाळची."

"तर मग आज मला हे गाव दाखव. तीन वेळा आले मी इथे, आणि पाहिलं काय? भिंतीवरची ही हिरवी पट्टी. बाया विचारतात, पादोव्यात काय काय बघितलंस? काय सांगू, सलाईनचा खांब बघितला?"

सावेरिओने मान डोलावली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्यांनी सामान खोलीवर ठेवलं. घरमालकीण हॉस्पिटलला येणाऱ्यांनाच खोल्या द्यायची, त्यामुळे कुणाला काय विचारू नये हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती फक्त म्हणाली, "आमच्या गावात तीन गोष्टी आहेत बघा. बिननावाचा संत, बिनदाराचा कॅफे आणि बिनगवताचं कुरण. पण तुम्ही दुसरं काही पाहू नका हवं तर, चॅपेल बघा. भिंतींवर जुन्या चित्रकाराची, जोत्तोची चित्रं. तिकीट मिळालं तर नशीब."

आधी कुरण लागलं. नाव बिनगवताचं, पण आता तिथे गवत होतं. भलामोठा लांबट गोल चौक, मधे पाण्याचा चर, आणि चराच्या दोन्ही काठांवर जुन्या थोर पुरुषांचे दगडी पुतळे. मे महिन्याचं ऊन चांगलंच तापलं होतं. असुंता पुतळ्यांपुढून अशी चालली की जणू सगळे तिच्याकडे माप द्यायला आलेत.

"हा बघ. झगा खांद्यात ओढतोय त्याला. कुणी बेतला कोण जाणे. आणि ह्याची बाही बघ, एक आखूड, एक लांब."

"दगड आहे तो, ताई."

"दगड आहे म्हणून काय झालं? कायमचं घालायचंय त्याला." पुढचा चौथरा रिकामा होता. "हा कुठे गेला?"

"जेवायला."

ती हसली आणि हसता हसता पोटाला हात लावून कठड्यावर बसली. सावेरिओ शेजारी बसला. सकाळपासून त्याला वाटत होतं की आता सांगावं, ह्या पुलावर सांगावं, त्या झाडाखाली सांगावं. प्रत्येक वेळी ती काहीतरी बोलायची आणि ती जागा मागे पडायची. त्याने तिच्यासाठी लिंबाचं आइस्क्रीम आणलं. तिने दोनदा जीभ लावली आणि कप त्याच्या हातात दिला. ते वितळून त्याच्या मनगटावर ओघळलं तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग ते संताच्या देवळात गेले. पादोव्यात त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'संत' म्हटलं की झालं. आत समाधीच्या मागच्या बाजूला माणसांची रांग होती. जो तो पुढे सरकायचा, काळपट दगडावर तळहात टेकायचा, डोळे मिटायचा. शेजारी फोटोच फोटो होते: नळ्या लावलेली मुलं, केस गेलेल्या बायका, फटफटीवर बसलेला एक तरणाबांड पोरगा.

असुंताने हात टेकला आणि लगेच काढला. तिच्यामागे सावेरिओची पाळी आली. दगड शेकडो हातांनी कोमट झाला होता. त्याला प्रार्थना आठवेना. त्याच्या मनात एवढंच आलं की रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा असेल, नावात घोळ झाला असेल, हॉस्पिटलात असं होतं. मग ध्यानात आलं, म्हणजे आपण दुसऱ्या कुणाचं तरी मरण मागतोय. त्याने हात खिशात घातला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय मागितलंस?"

"काही नाही. केवढे फोटो पडलेत त्याच्यापुढे, पाहिलेस ना? मी म्हटलं, तुझं चालू दे बाबा, मी नुसती भेटायला आलेय."

चॅपेलपर्यंत ते बसने गेले. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. 'खोलीवर जाऊन पडतेस का' असं त्याने विचारलं तर ती म्हणाली, "गाडीत पडायचंच आहे." तिकीटघर बागेच्या कडेला होतं. काउंटरवरच्या मुलीने मान हलवली: आजचं सगळं भरलं आहे, उद्याचंही, आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, चित्रांना श्वासाची वाफ सोसत नाही.

"आम्ही उद्या नाही आहोत," असुंता म्हणाली. "पण ऑक्टोबरमध्ये आहोत. ऑक्टोबरची मिळतील?"

"मिळतील ना. कोणती तारीख?"

"दोन तिकिटं दे. आणि बसायला जागा असेल तिथली दे." तिने पर्स उघडली आणि भावाकडे वळली. "तारीख काय दिलीय रे त्यांनी?"

सावेरिओने खिसे चाचपले.

"अरे, तारीख."

"तारीख... नाही दिली अजून."

"मग अंदाजाने सांग. आठवडा पहिला की दुसरा? बाई खोळंबलीय."

मागे एक जर्मन कुटुंब उभं होतं. त्यांच्या मुलीने फुगा हातावर चोळून किरकिर आवाज काढायला सुरुवात केली होती.

"राहू दे, ताई," सावेरिओ म्हणाला.

"का राहू दे? परत आल्यावर पुन्हा भरलेलं असेल."

"ताई."

एवढंच तो म्हणाला. पण तो शब्द त्याच्या तोंडून असा निघाला की काउंटरवरची मुलगीसुद्धा कीबोर्डवरून हात काढून त्याच्याकडे बघू लागली. असुंता त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. लहानपणी त्याला ताप आला की ती अशीच बघायची, हात न लावता. मग तिने पर्स मिटली. तिला आधीच संशय होता का, आणि तारखेचा हट्ट तिने मुद्दाम धरला का, हे सावेरिओला पुढेही कधी कळलं नाही.

"पोरी, ऑक्टोबरचं राहू दे," ती म्हणाली. "आज कुणी आलंच नाही तर सांग. आम्ही त्या बाकावर आहोत."

बाकावर बसल्यावर ती बराच वेळ कोटाच्या काठाची शिवण नखाने चाचपत राहिली.

"किती दिवस म्हणाली?"

"मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली."

"म्हणजे उन्हाळासुद्धा नाही."

"तसं ती काही म्हणाली नाही—"

"पुरे." तिचा आवाज चढला नाही, पण सावेरिओच्या खांद्यांनी तो ओळखला. "सकाळपासून गोड बोलतोयस. आइस्क्रीम काय, हात काय धरतोस. मी म्हटलं, ह्याला इथली हवा मानवली. आई गेली तेव्हा किती वर्षांचा होतास तू?"

"चार."

"सगळं घर मला म्हणत होतं, त्याला सांग, आई मावशीकडे गेलीय. पाद्रीसुद्धा तेच म्हणाला. मी काय सांगितलं तुला?"

"मेली म्हणून सांगितलंस."

"का सांगितलं? तू दारात वाट बघत बसू नयेस म्हणून. मी सोळा वर्षांची होते, मला कळत होतं. आणि तू साठीला आलास आणि मला ऑक्टोबर देतोस? मी मघाशी बसमध्ये विचार करत होते, येताना नन घालतात तसा काळा कोट नको, करडा घालीन म्हणून. माझ्याकडून कोट ठरवून घेतलास तू."

"मला जमलं नाही, ताई."

"ते दिसलंच." ती जरा वेळाने नाक पुसून म्हणाली, "घरमालकीण तीनच म्हणाली ना? बिननावाचा संत आणि काय ते. चौथं विसरली. बिनऔषधाचं हॉस्पिटल."

तो हसला नाही. तीही हसली नाही.

एवढ्यात काउंटरवरची मुलगी दारात येऊन हात करू लागली. एका ग्रुपमधला एक माणूस आला नव्हता. एकच जागा होती, आणि लगेच आत जायला हवं होतं.

"जा," असुंता म्हणाली.

"मी? तू जा. तुझ्यासाठीच तर—"

"मला उभं राहवत नाहीये. आता बघितलंस ना कशी बसलेय? आणि मी बघून काय करू? माझं बघितलेलं माझ्याबरोबरच जाणार. तू जा, आणि येऊन मला सांग. जसं असेल तसं सांग. एक जरी गोष्ट खोटी सांगितलीस ना, तर गाडीतून उतरेन मी. आणि कापडं नीट बघ."

आयुष्यभर तो तिचं ऐकत आला होता. तो गेला.

आधी काचेच्या एका खोलीत बसवलं. अंगावरची धूळ आणि दमटपणा जाईपर्यंत तिथे थांबायचं. पडद्यावर फिल्म चालू होती: एका सावकाराच्या मुलाने बापाच्या व्याजाचं पाप धुवायला हे चॅपेल बांधलं म्हणे. सावेरिओला ते अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. काचेतून बाग दिसत होती, पण बाक दिसत नव्हता.

मग दार सरकलं आणि ते आत गेले.

निळं. वर सगळं छत निळं, त्यावर सोन्याच्या चांदण्या. भिंतींवर एकाखाली एक चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत माणसं. त्याला ठाऊक होतं की वेळ थोडा आहे, म्हणून तो दुकानात सामान भरावं तसा भराभर बघू लागला. कापडं. गुलाबी कापड, हिरवं, एक शेंदरी. मेंढ्यांजवळ एक म्हातारा मान खाली घालून उभा, आणि त्याच्यापुढे उडी मारणारं कुत्रं. वेशीपाशी दोन म्हातारी नवराबायको एकमेकांचं तोंड हातात धरून उभी. एक पिवळा झगा, एवढा रुंद की घालणाऱ्याने समोरच्या माणसाला मिठी मारली तर तो अख्खा त्यात गुंडाळला गेलेला. तो गुरूला दगा देणारा यहूदा होता, हे सावेरिओला जरा वेळाने कळलं. तो तिथून पुढे सरकला.

चार दिवसांपूर्वी मेलेला लाझार थडग्यातून उठत होता, पण सावेरिओला त्याच्या शेजारच्या बायकाच दिसल्या. त्यांनी नाकावर पदर धरले होते. आणि मग खालच्या ओळीत ती चौकट आली: आईच्या मांडीवर मेलेला मुलगा, पायापाशी एक बाई, पाठमोऱ्या बसलेल्या दोन बायका, नुसते कापडाचे ढीग वाटाव्यात अशा. वर आभाळात बारके देवदूत. त्याला वाटलं होतं, देवदूत म्हणजे शांत असतील. ते किंचाळत होते. एकाने हात फाकले होते, एकाने गालात नखं रुतवली होती. तो तिथेच थांबला. बाकीच्या भिंती राहून गेल्या, त्याला हलताच येईना. राखणीच्या बाईने घंटा वाजवली, दार सरकलं आणि सगळ्यांबरोबर त्यालाही बाहेर काढलं; वळताना दाराच्या भिंतीवरचा नरक तेवढा ओझरता दिसला.

बाकावर असुंता नव्हती.

तो बागेत इकडेतिकडे धावला. जुन्या रोमन भिंतीच्या आडोशाला ती वाकून उभी होती आणि एक अनोळखी बाई तिचं कपाळ धरून होती. शेजारी व्हीलचेअरमध्ये एक म्हातारबुवा झोपलेले. बाई त्यांची देखभाल करणारी होती, मोल्डोव्हाची असावी, तुटक बोलत होती. "उलटी," ती म्हणाली. "काळी. घरी न्या, साहेब. तुम्ही आई कशाला फिरवता उन्हात?"

"बहीण आहे," सावेरिओ म्हणाला.

असुंताचा कोट पुढून भिजला होता. त्याने तो नळाखाली धुतला. ती नुसत्या ब्लाउजवर भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचे दंड केवढे वाळलेत हे त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा उघड्यावर पाहिलं. "कॉलर चोळू नकोस," ती डोळे मिटून म्हणाली. "आतलं कॅनव्हासचं अस्तर बिघडतं." एवढं बोलून ती जी गप्प झाली ती खोलीवर, टॅक्सीत, स्टेशनवर, कुठेच बोलली नाही.

गाडी निघाली तेव्हा अजून उजेड होता. बोलोन्याच्या अलीकडे कुठेतरी तिने डोळे उघडले.

"सांग."

त्याने सांगितलं. छत, चांदण्या, कुत्रं. वेशीपाशीचे नवराबायको. पिवळा झगाही सांगितला.

"किती कापड लागलं असेल?"

"पाच-सहा मीटर सहज."

"तिरपं कापल्याशिवाय तसं पडत नाही. कुणाचा होता?"

"यहूदाचा."

"हं." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. "पुढे?"

त्याला ती चौकट गाळायची होती. पण तिने बजावलं होतं. त्याने आई सांगितली, मांडीवरचा मुलगा सांगितला, पाठमोऱ्या बायका सांगितल्या. "आणि वर देवदूत होते. रडत होते. तोंडं वेडीवाकडी करून, लहान पोरं रडतात तसे."

"देवदूत?"

"हो."

"म्हणजे त्यांनाही काही करता आलं नाही."

"नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. द्राक्षांच्या ओळी भराभर मागे जात होत्या. "नरक होता का?"

"होता. दाराच्या भिंतीवर. उघडीनागडी माणसं, उलटी टांगलेली."

"आपल्या गावचं कुणी दिसलं?"

"तुझा तो कापडवाला दिसला. आखूड मीटरने कापड मोजणारा."

ती खरंच हसली. त्यानंतर तिचं हसणं त्याने कधी ऐकलं नाही.

जुलै संपता संपता ती अंथरुणाला खिळली. गावच्या डॉक्टरने दिलेलं औषध आधी पुरायचं, मग पुरेनासं झालं. शेजारणी येत, रस्सा ठेवून जात, तो तसाच परत जाई. तिचं वजन एवढं उतरलं की चादर बदलताना सावेरिओ तिला एका हाताने उचले. तो तिच्याशी खोटं बोलला नाही. 'आज रंग बरा दिसतोय' म्हणाला नाही, 'उद्या उतार पडेल' म्हणाला नाही. तिला विचारायचं असेल ते ती विचारे, आणि तो होतं तसं सांगे. त्याला वाटे, निदान एवढं तरी आपण नीट करतोय.

शेवटच्या आठवड्यात एके सकाळी तो तिचं तोंड पुसत होता. तिने त्याचं मनगट धरलं. बोटांत जोर राहिला नव्हता.

"सावेरिओ, मला बरं वाटेल ना रे?"

त्याला वाटलं, ती आपली परीक्षा बघतेय. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे परीक्षा वगैरे काही नव्हती. सोळा वर्षांची असल्यापासून जी बाई दुसऱ्यांना खरं सांगत आली, तीच आता लहान मुलासारखी तोंडाकडे बघत होती, एक शब्द मिळावा म्हणून. सावेरिओने तोंड उघडलं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं. त्याच्या जिभेवर ते आलं नाही. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये जे खोटं न शोधता सापडलं होतं, ते आता शोधूनही सापडेना.

तिने थोडी वाट पाहिली. मग मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुरून आल्यावर अंगणात बाया बसल्या होत्या. कुणीतरी कॉफी केली. समोरच्या घरातली म्हातारी सावेरिओजवळ खुर्ची ओढून बसली. दुःखाच्या घरी काहीतरी बोललं पाहिजे म्हणून तिने विचारलं, "पादोवा कसं आहे रे? तू तीनदा गेलास. आम्हाला तर बघायला मिळायचं नाही."

सावेरिओने कप खाली ठेवला. त्याला सगळं आठवत होतं.

"सपाट आहे," तो म्हणाला. "चढ नाही कुठे."